एका फ्रिक्वेन्सीवर अख्खा मेक्सिको : रिजनल मेक्सिकन एफएम केंद्र चालतं कसं

ह्यूस्टन, डॅलस, बे एरिया, लॉस एंजेलिस... अमेरिकेतल्या या शहरांत राहणाऱ्या मराठी माणसाने गाडीतल्या रेडिओचं स्कॅनचं बटण दाबलं, की दोन-तीन ठिकाणी तरी ॲकॉर्डियनचा किंवा ट्यूबाचा ठेका कानावर येतोच. ‘स्पॅनिश गाणी’ म्हणून आपण पुढे जातो. पण थोडं थांबून ऐकण्यासारखं त्यात खूप आहे. ‘रिजनल मेक्सिकन’ हा अमेरिकी रेडिओधंद्याने केलेला एक मोठा कप्पा आहे आणि त्यात पाच-सहा वेगवेगळी संगीतं एकत्र ठेवलेली आहेत. वाद्यं वेगळी, ताल वेगळे, उगमाची राज्यं वेगळी. ऐकणाराही एक नाही. सिनालोआहून आलेल्याला बांदा हवा असतो, नुएवो लेओनच्या माणसाला नोर्तेन्यो, हालिस्कोच्या आजीला मारियाची आणि तिच्या कॅलिफोर्नियात जन्मलेल्या नातवाला गिटारवरचे नवे कोर्रिदो, म्हणजे कथागीतं. या सगळ्यांना एकाच फ्रिक्वेन्सीवर धरून ठेवणं हे अशा केंद्राचं खरं काम आहे. गाण्यांचा क्रम, आवाजावरची प्रक्रिया, मनोऱ्यावरचा अँटेना, सगळे निर्णय तिथूनच निघतात.

दहा सेकंदांत ओळखायचं कसं

आधी खालचा सूर कोण धरतंय ते ऐका. तिथे बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

बास गिटार किंवा उभा बास, वर बटणांचं ॲकॉर्डियन आणि मध्ये तारांचा सततचा ठोका असेल, तर ते नोर्तेन्यो. हे मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या राज्यांचं आणि सीमेपलीकडच्या टेक्ससचं संगीत. जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांबरोबर एकोणिसाव्या शतकात पोल्का, वॉल्ट्झ आणि ॲकॉर्डियन या भागात आले आणि इथलेच होऊन गेले. तारांचं वाद्य म्हणजे बाखो सेक्स्तो. त्याला १२ तारा असतात, दोन-दोनच्या सहा जोड्या. ॲकॉर्डियन तीन ओळींचं, साधारण ३१ बटणांचं. भाता दाबताना एका बटणातून एक सूर निघतो, ओढताना दुसरा. त्यामुळे ते मोजक्याच पट्ट्यांत मोकळेपणी वाजतं आणि वादक वेगवेगळ्या पट्ट्यांची दोन-तीन ॲकॉर्डियन बाळगतो. १९३०च्या दशकात टेक्ससमध्ये नार्सिसो मार्तीनेस आणि बाखो सेक्स्तोवादक सांतियागो आल्मेइदा यांनी कामाची वाटणी करून टाकली. डाव्या हाताची बासची बटणं सोडून द्यायची, खालची बाजू बाखो सेक्स्तोने सांभाळायची आणि ॲकॉर्डियनने फक्त सुरावट खेळवायची. ती वाटणी आजही टिकून आहे.

खालचा सूर फुंकलेला असेल आणि वर पितळी वाद्यांची भिंतच्या भिंत उभी असेल, तर तो सिनालोआचा बांदा. १५ ते १७ वादक असतात. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, दट्ट्यांचे ट्रॉम्बोन, चार्चेता नावाचे छोटे हॉर्न, खांद्यावरून वेढा घालणारा सुझाफोन (त्याला सगळे ट्यूबाच म्हणतात), तारोला म्हणजे ताशासारखा कडकडणारा ड्रम, आणि तांबोरा म्हणजे वर झांज बसवलेला मोठा ढोल. क्रूस लिसार्रागा यांनी १९३८ मध्ये उभी केलेली बांदा एल रेकोदो आजही वाजते आहे.

व्हायोलिन आणि ट्रम्पेट आहेत पण ढोल-ड्रम काहीच नाही, तर मारियाची. ताल धरतात ते विहुएला नावाची पाच तारांची छोटी गिटार आणि गितार्रोन हे सहा तारांचं पोटाळं बासवाद्य. २०११ मध्ये युनेस्कोने मारियाचीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ड्रम नाही, पण चपळ रेकिंतो गिटार आणि तिच्या खाली ट्यूबा किंवा तोलोलोचे हा उभा बास असेल, तर सिएरेन्यो. तरुणांमध्ये गाजणारे आजचे कोर्रिदो याच घडणीवर उभे आहेत, वर ट्रॉम्बोन आणि चार्चेतांची भर. २०२३ मध्ये एस्लाबोन आर्मादो आणि पेसो प्लुमा यांचं असंच एक गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. याशिवाय शिकागोत वाढलेला, ट्यूबाच्या जागी कीबोर्ड वापरणारा दुरांगेन्से आहे, गुळगुळीत प्रेमगीतांचा ग्रुपेरो आहे.

कोर्रिदो मात्र वाद्यांवरून ओळखता येत नाही. तो पोवाड्यासारखा कथनाचा प्रकार आहे. माणसाचं नाव, गाव, बऱ्याचदा तारीखही पहिल्याच कडव्यात येते. तो नोर्तेन्यो गातात, बांदा गातो, सिएरेन्योही गातात.

एका तासाचं गणित

केंद्रावर गाणी मनाला येईल तशी लागत नाहीत. प्रत्येक तासाचा एक आराखडा असतो, त्याला ‘क्लॉक’ म्हणतात. जुन्या पोल्का अडीच मिनिटांत संपतात, बांद्याच्या संथ गाण्यांना साडेतीन लागतात. जाहिराती, निवेदन आणि केंद्राची ओळख वजा केली, की दुपारच्या तासात साधारण १२ ते १४ गाणी बसतात. सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमात त्याच्या निम्मी.

गाण्यांचे गट पाडलेले असतात. सध्या सर्वांत चालणारी, नुकतीच उतरणीला लागलेली, आणि जुनी सदाबहार. पहिल्या गटात किती गाणी ठेवायची यात नवखे हमखास चुकतात. समजा, या गटातली दोन गाणी दर तासाला लावायची आहेत. दिवसाला ४८ जागा झाल्या. गटात सहा गाणी ठेवली, तर ४८ला सहाने निःशेष भाग जातो आणि प्रत्येक गाणं दिवसातून आठ वेळा, रोज त्याच त्या तासाला येतं. रोज सकाळी सात वाजता कामावर निघणाऱ्याला तीच दोन गाणी ऐकू येतात आणि ‘हे लोक दुसरं काही लावतच नाहीत’ असं त्याचं मत होतं. सात गाणी ठेवा. ४८ भागिले सात, बाकी सहा. क्रम रोज एका जागेने सरकतो आणि तीच गाणी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात.

मग येतात अंतराचे नियम. एकाच वादक-गटाचं गाणं तासा-दीड तासात पुन्हा नको. तीन मात्रांच्या वॉल्ट्झ सलग दोन नकोत, ऐकणारा पेंगतो. बांद्यानंतर बांदा चालेल, पण तिसराही बांदाच आला, तर नोर्तेन्यो ऐकणारा बटण फिरवतो. हे सगळं सॉफ्टवेअर पाहतं. पण सॉफ्टवेअरला फक्त अक्षरं कळतात. एकाच वादक-गटाचं नाव कुठे ‘बांदा’ लावून, कुठे न लावता, कुठे स्पॅनिश स्वरचिन्हांसह आणि कुठे त्यांच्याशिवाय नोंदलं असेल, तर त्याच्या लेखी ते चार वेगळे कलाकार. मग सव्वाआठला वाजलेला गट साडेआठला पुन्हा वाजतो. गट सोडून एकटा गाणारा गायक आणि दोघांनी मिळून गायलेली गाणी यांतही हेच घडतं. उपाय कंटाळवाणा, पण एकच आहे. कलाकारांची एक प्रमाण यादी करा, प्रत्येक गाण्याला त्यात गायलेल्या सगळ्यांची नावं जोडा आणि नवीन गाणं त्या यादीतून नाव निवडल्याशिवाय आत घेऊच नका.

सकाळचा कार्यक्रम पहाटे चार-पाचलाच सुरू होतो. शेतावर, बांधकामावर, बेकरीत, साफसफाईच्या कामावर जाणारी माणसं त्या वेळी गाडीत असतात. ही वहिवाट जुनी आहे. पेद्रो गोन्सालेस आणि त्यांच्या ‘लोस मादरुगादोरेस’, म्हणजे पहाटे उठणाऱ्यांच्या गटाने, लॉस एंजेलिसमध्ये १९३०च्या सुमारास भल्या पहाटेच्या, कोणालाच नको असलेल्या वेळेत स्पॅनिश कार्यक्रम चालवला आणि मजुरांचा मोठा श्रोतृवर्ग जमवला. पुढे १९४६ मध्ये सॅन अँटोनियोत राउल कोर्तेस यांनी केसीओआर हे पूर्णवेळ स्पॅनिश केंद्र काढलं. वॉशिंग्टन राज्याच्या याकिमा खोऱ्यातलं केडीएनए १९७९चं आणि फ्रेस्नोचं रेडिओ बिलिंग्वे १९८०चं, दोन्ही शेतमजुरांसाठी उभी राहिलेली.

ट्रम्पेट मळकट का होतो

या प्रकारच्या केंद्रात ध्वनीचं काम सर्वांत अवघड असतं आणि तिथेच सर्वांत जास्त हेळसांड होते.

एफएमवर उंच सुरांत खरखर जास्त असते. ती दाबण्यासाठी प्रक्षेपणापूर्वी उंच सूर मुद्दाम वाढवतात आणि रेडिओ ते तितकेच उतरवतो. याला प्री-एम्फसिस म्हणतात. अमेरिकेत त्याचं प्रमाण ७५ मायक्रोसेकंद आहे, भारतात आणि युरोपात ५०. ७५च्या हिशेबाने ५ किलोहर्ट्झचा सूर सुमारे ८ डेसिबल, १० किलोहर्ट्झचा सुमारे १४ आणि १५ किलोहर्ट्झचा १७ डेसिबल वर चढतो. संथ पियानोला याचा त्रास नाही. पण तीन ट्रम्पेट, चार क्लॅरिनेट आणि तांबोऱ्यावरची झांज एकदम वाजली, की हा वाढवलेला आवाज मर्यादेवर जाऊन आदळतो. कारण एफएममध्ये लहर मूळ फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झच हलू शकते. मग लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं यंत्र, उंच सूर दाबतो आणि ट्रम्पेट कांबळ्याखालून वाजल्यासारखा येतो. लिमिटर सैल ठेवला, तर क्लिपर शेंडे छाटतो आणि पितळेला फाटका कर्कशपणा येतो.

दुसऱ्या टोकाला ट्यूबा. त्याचे मूळ सूर साधारण ४० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि त्यांत ताकद प्रचंड. सगळ्या आवाजावर एकच कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) असेल, तर ट्यूबाच्या प्रत्येक फुंकीला गायकाचा आवाज खाली बसतो आणि पुन्हा वर येतो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण अर्ध्या तासात कान थकतात. म्हणून पाच किंवा अधिक पट्ट्यांचा प्रोसेसर वापरतात, म्हणजे खालचा पट्टा दाबला गेला तरी मधला हलत नाही. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकायचं, तिथे संगीत नसतं, फक्त मायक्रोफोनची घरघर असते. बासच्या पट्ट्याला त्याचा वेगळा क्लिपर द्यायचा. मुख्य क्लिपरमध्ये ट्यूबा आणि ट्रम्पेट एकत्र छाटले गेले, तर ट्यूबाच्या लयीत ट्रम्पेट थरथरतो.

प्रोसेसर लावताना एकाच गाण्यावर लावू नका. चार निवडा : पूर्ण बांदा, ॲकॉर्डियनची वेगवान पोल्का, मारियाचीचं संथ गाणं आणि नुसत्या गिटारीचा कोर्रिदो. बांद्यावर उत्तम वाटणारी घट्ट जुळणी मारियाचीच्या व्हायोलिनमागचा श्वास आणि खोलीचा गुंजनही ओढून वर आणते. चारही गाण्यांवर ‘बरं’ वाटणारी जुळणी ही एका गाण्यावर ‘अफलातून’ वाटणाऱ्या जुळणीपेक्षा चांगली.

बाकी बिघाड फाइलमध्येच असतात. जुनी गाणी कॅसेटवरून घेतलेली असतात. कॅसेटच्या हेडचा कोन थोडा चुकला असेल, तर डावी आणि उजवी बाजू किंचित पुढे-मागे होतात. स्टिरिओत ते कळत नाही, पण रेडिओ मोनोवर गेला की उंच सूर गायब. म्हणून प्रत्येक जुनी फाइल आत घेताना एकदा मोनोत ऐका. आवाजाची पातळी शिखरावरून जुळवू नका, सरासरी जाणवणाऱ्या जोरावरून जुळवा. नाहीतर १९७०च्या रांचेरा गाण्यानंतर आजचा कोर्रिदो दणकन अंगावर येतो. आणि १२८ केबीपीएसचे एमपीथ्री वापरू नका. स्टुडिओ ते मनोरा या दुव्यात आवाज पुन्हा एकदा आक्रसला जातो. दुहेरी आक्रसलेल्या ॲकॉर्डियनमधून पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळाट ऐकू येतो.

मनोऱ्यावर काय चाललंय

स्टुडिओतून आवाज मायक्रोवेव्ह दुव्याने किंवा इंटरनेटवरून प्रक्षेपकापर्यंत जातो, तिथून जाड तांब्याच्या केबलने अँटेनापर्यंत. परवान्यात लिहिलेली ताकद प्रक्षेपकाची नसते. प्रक्षेपकाची ताकद, गुणिले केबलमधून वर पोचणारा भाग, गुणिले अँटेनाचा गुणक (अँटेना ताकद किती पट करतो तो आकडा), असा तो हिशेब असतो.

कॅलिफोर्नियाच्या मोठ्या भागात व्यापारी केंद्रांच्या परवान्यांचे तीन वर्ग आहेत. ‘ए’ वर्ग म्हणजे १०० मीटर उंचीवर ६ किलोवॅट, संरक्षित (इतर केंद्रांच्या अडथळ्यापासून राखलेला) पल्ला सुमारे २८ किलोमीटर. ‘बी१’ म्हणजे १०० मीटरवर २५ किलोवॅट, पल्ला सुमारे ४५. ‘बी’ म्हणजे १५० मीटरवर ५० किलोवॅट, पल्ला सुमारे ६५. ही उंची जमिनीपासून मोजत नाहीत. मनोऱ्यापासून ३ ते १६ किलोमीटरच्या पट्ट्यातली जमिनीची सरासरी पातळी काढतात आणि तिच्यापासून मोजतात. म्हणूनच डोंगरावरचा बुटका मनोरा मैदानातल्या उंच मनोऱ्याला भारी पडतो.

सामाजिक संस्थांसाठी कमी ताकदीचा एक वेगळा वर्ग २००० मध्ये सुरू झाला : ३० मीटरवर १०० वॅट, पल्ला सुमारे साडेपाच किलोमीटर. आपल्याकडच्या कम्युनिटी रेडिओची मर्यादाही १०० वॅटचीच आहे. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीला जे हिशेब करावे लागतात, तेच इथेही. इथे फसगत ठरलेली आहे. १०० वॅटचा परवाना म्हणून १०० वॅटचा प्रक्षेपक आणतात. एकाच घटकाच्या (लहरी सोडणाऱ्या एकाच तुकड्याच्या) वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या अँटेनाचा गुणक असतो साधारण ०.४६, कारण ताकद आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरींत वाटली जाते. अर्धा इंची चांगल्या केबलच्या ३० मीटरमध्ये सुमारे १४ टक्के ताकद जाते. १०० गुणिले ०.८६ गुणिले ०.४६, हाती आले ४० वॅट. उलटा हिशेब केला, तर पूर्ण १०० वॅटसाठी प्रक्षेपकातून सुमारे २५३ वॅट निघायला हवेत. म्हणजे ३०० वॅटचा प्रक्षेपक घ्या आणि आरामात चालवा, किंवा एका तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे ३ मीटरच्या अंतरावर दोन घटक लावा. तेव्हा गुणक १च्या जवळ जातो आणि सुमारे ११६ वॅट पुरतात. स्वस्त बारीक केबल घेतली, तर तीच तिसरा हिस्सा खाऊन टाकते.

बिघाड बहुतेक पाण्याचे. पोकळ केबलमध्ये कोरडी हवा किंवा नायट्रोजन हलक्या दाबाने भरून ठेवतात. दाब दर आठवड्याला लिहून ठेवा. तो रोज थोडा उतरत असेल, तर कुठेतरी सांधा गळतोय आणि पुढच्या पावसात आत पाणी जाणार. पाणी गेलं की ताकद अँटेनावरून मागे परतते, प्रक्षेपक स्वतःला वाचवण्यासाठी उत्पादन कमी करतो आणि केंद्राचा पल्ला गुपचूप अर्ध्यावर येतो. परतणाऱ्या ताकदीचा आकडा रोज पाहणाऱ्याला हे आठवडाभर आधी कळतं.

डोंगराजवळ आवाज थरथरत येतो तो वेगळा बिघाड. तीच लहर डोंगरावर आपटून थोड्या उशिराने पुन्हा पोचते. मोनो आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंत जातो, १९वर रेडिओला स्टिरिओची खूण देणारा पायलट सूर असतो आणि डाव्या-उजव्यातला फरक ३८च्या आजूबाजूला बसवलेला असतो. वरच्या भागाला त्रास आधी होतो, म्हणून स्टिरिओ आधी फाटतो. प्रोसेसरमधून स्टिरिओ कृत्रिमरीत्या रुंद केला असेल, तर हा त्रास वाढतो. ती सोय बंद करून टाका.

रेडिओच्या पडद्यावर गटाचं नाव विचित्र दिसतं, त्याचं कारण साधं आहे. केंद्राच्या नावासाठी आठच अक्षरं आणि मजकुरासाठी ६४ मिळतात. रेडिओवर मजकूर पाठवण्याच्या या पद्धतीची अक्षरमालाही वेगळी आहे, संगणकातून थेट पाठवलेली स्पॅनिश अक्षरं तिथे कचरा होऊन उमटतात. एन्कोडरमध्ये, म्हणजे हा मजकूर लहरीत बसवणाऱ्या यंत्रात, रूपांतर लावा, नाहीतर चिन्हं काढून साधी अक्षरं पाठवा.

पैसा आणि नियम

अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं, तर मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं. गायक-वादकाला आणि रेकॉर्ड कंपनीला नाही. तेच गाणं केंद्राच्या इंटरनेट प्रवाहावर वाजलं, तर कलाकारालाही द्यावं लागतं. त्यामुळे प्रवाह सुरू करण्याआधी कोणतं गाणं किती कानांपर्यंत गेलं याची नोंद ठेवणारी व्यवस्था हवी. पैसे घेऊन गाणं लावायचं असेल, तर तसं श्रोत्यांना सांगणं कायद्याने सक्तीचं आहे. गुपचूप घेतले तर गुन्हा. कमी ताकदीच्या केंद्रांना जाहिराती चालत नाहीत, फक्त मदत देणाऱ्याचं नाव घेता येतं. ‘या आणि घ्या’ किंवा भाव, सवलत, काही नाही.

दर तासाला केंद्राची ओळख-अक्षरं (केसीओआर, केडीएनए यांसारखी) आणि परवान्यातलं गाव सांगावं लागतं. पहाटे चारलाही ते चुकू नये म्हणून ते आराखड्यातच बांधून टाकतात. अर्धा-एक मिनिट शांतता पडली, की राखीव गाणी आपोआप सुरू होतील असा सेन्सरही लावतात.

आपत्तीच्या सूचनांचं यंत्र कमी ताकदीच्या केंद्रालाही ठेवावं लागतं. पण वणवा, पूर, रस्ता बंद अशा सूचना बहुधा इंग्रजीत येतात आणि ऐकणारा द्राक्षाच्या मळ्यात स्पॅनिश बोलत असतो, ओआहाकाहून आलेला असेल तर मिश्तेकोही. ऑक्सनार्डचं रेडिओ इंदिखेना अशा भाषांमधूनच बोलतं. स्वयंचलित सूचना वाजून गेली की काम झालं असं धरू नका. निवेदकाच्या टेबलावर स्पॅनिशमध्ये लिहिलेली तयार वाक्यं ठेवा : कोणता भाग रिकामा करायचा, कोणता रस्ता चालू आहे, निवारा कुठे आहे, जनावरं कुठे न्यायची. गावांची आणि रस्त्यांची नावं भरायला मोकळी जागा सोडा. पहिली सूचना आल्यापासून दर दहा मिनिटांनी, चालू गाणं मध्येच थांबवून, ती वाचा. आणि रात्री केंद्र संगणकावर चालत असेल, तर कोणाला फोन करून उठवायचं त्याचं नाव आणि नंबर प्रक्षेपकाच्या खोलीतही चिकटवलेला असू द्या.